हाडांचा सापळा झालेला घोडा दिसला की काय करायचं: सोडवण्यापासून नवीन घर मिळेपर्यंत

घोडा खुंटाला बांधलाय, बरगड्या लांबूनही मोजता येतील इतक्या वर आल्यात, खूर वाढून पुढे वळलेत, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत आणि तुम्ही तिथे उभे आहात. अशा वेळी मनात एकच येतं, दावं सोडायचं आणि घेऊन जायचं. मलाही आधी तसंच वाटायचं. पण तसं करू नका. एक तर तो घोडा कोणाच्या तरी मालकीचा असतो, न विचारता नेलात तर ती चोरी ठरते, केस तुमच्यावर होते आणि घोडा परत त्याच खुंटाला जातो. आणि दुसरं म्हणजे उपाशी घोडा घाईघाईत घरी आणला की त्याचे सगळ्यात धोक्याचे दिवस तुमच्याकडे येतात आणि तुमची तयारी शून्य असते. मी यात बरीच वर्षं आहे आणि जेवढे घोडे गमावलेले पाहिलेत त्यातले काही नुसत्या घाईने गेलेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी बघा, मग बोला

पहिल्या दिवशी तुमचं काम फक्त बघायचं. फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून, खुरांचे जवळून, पाण्याच्या भांड्याचा, बांधलेल्या जागेचा. तारीख वेळ लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी परत जा, वेगळ्या वेळेला, कारण सकाळी पाणी नव्हतं म्हणजे दिवसभर नव्हतं असं नाही. पुढे पोलीस किंवा प्राणी कल्याणाचं काम बघणारं खातं यांच्याकडे जायची वेळ आली तर हीच वही आणि हेच फोटो कामाला येतात, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

घोडा किती खराब आहे हे नुसतं डोळ्याने ठरवू नका. अंगावर केस दाट असतील तर बरगड्या झाकल्या जातात आणि पोट जंतांनी फुगलेलं असेल तर घोडा जाडच दिसतो. हात फिरवून बघायला मिळालं तर बघा. यासाठी जगभर एक पट्टी वापरतात, १ ते ९ ची, ती १९८३ मध्ये अमेरिकेत डॉन हेनेके यांनी तयार केली. सहा जागा तपासायच्या: मान, खोगिराच्या पुढचा पाठीचा उंचवटा, खांद्याच्या मागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. १ म्हणजे निव्वळ हाडं, हाताला चरबी लागतच नाही. ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की सहज लागतात, ही चांगली तब्येत. ३ च्या खाली असेल तर प्रकरण गंभीर समजा.

आता एक गोष्ट जी फार लोक विसरतात. बारीक घोडा म्हणजे दुर्लक्षच झालंय असं नसतं. पंचवीस-तीस वर्षांचा म्हातारा घोडा, दात गेलेले, त्याला दिवसभर खायला घातलं तरी तो भरत नाही, आणि त्याच्या मालकाला तुम्ही येऊन छळवादी म्हणालात तर तो माणूस परत कधी कोणाची मदत मागणार नाही. म्हणून मालकाशी आधी नीट बोला, आवाज न चढवता. कोणी आजारी पडलेलं असतं, कोणाचं काम गेलेलं असतं, कोणाला घोड्याच्या दातांची धारदार टोकं घासून घ्यावी लागतात हेच माहीत नसतं. पाण्याची सोय, थोडी वैरण, नालबंदाची (खूर कापणाऱ्या, नाल ठोकणाऱ्याची) एक फेरी एवढ्यावर घोडा आहे त्या जागीच सुधारू शकतो आणि माझ्या मते ही सगळ्यात चांगली सुटका, कारण घोड्याला जागा बदलायचा ताण होत नाही आणि तुमची जागा खऱ्या गरजेच्या घोड्यासाठी मोकळी राहते.

मालक ऐकतच नसेल, मारत असेल, किंवा घोडा पडायच्या बेतात असेल तर मात्र थांबू नका, तक्रार करा, लेखी करा, तिची पोच घ्या. मालक स्वतःहून द्यायला तयार झाला तर एका कागदावर सही घ्याच, की हा अमुक रंगाचा, अमुक खुणांचा घोडा मी कायमचा यांच्या ताब्यात देतोय. घोडा भरला, चमकायला लागला की तोच मालक सहा महिन्यांनी दारात येऊन उभा राहतो, हे होतं. विकत घेऊन सोडवायचा मोह फार होतो, पण जो मुद्दाम उपाशी ठेवून दयेवर विकतो त्याला पैसे दिले की तो दुसरा घोडा आणतो, तोही तसाच ठेवतो.

आणायच्या आधी घरची तयारी

तुमच्याकडे बाकी घोडे असतील तर नवीन घोडा त्यांच्यात सोडायचा नाही, किमान ३ ते ४ आठवडे वेगळा, नाकाला नाक लागणार नाही इतका लांब. त्याची बादली वेगळी, खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा, दोर वेगळा, आणि रोज आपल्या घोड्यांचं सगळं आटपून मग शेवटी त्याच्याकडे जायचं, उलटं नाही. स्ट्रँगल्स नावाचा आजार आहे, जबड्याखाली गाठी येऊन फुटतात आणि नाकातून पू येतो, तो एका बादलीतूनसुद्धा अख्ख्या तबेल्यात पसरतो. आणि ग्लँडर्स हा तर माणसालाही होतो. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका, लगेच डॉक्टर आणि सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवा, लपवू नका.

जागा कोरडी पाहिजे, वारा आणि ऊन अडवणारी, खाली भरपूर मऊ अंथरूण, कारण अशक्त घोडा जास्त आडवा होतो आणि हाडांवर मांस नसल्याने लगेच जखमा होतात. बाकी घोडे त्याला लांबून दिसले पाहिजेत, एकटा पडलेला घोडा खाणं टाकतो. घोड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर आणि नालबंद या दोघांना आधीच फोन करून ठेवा. आणि पुढच्या वर्षभराची वैरण, औषधं, नालबंद हे झेपणार आहे का याचा हिशेब करा, नसेल झेपत तर ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडे पोचवा, त्यात कमीपणा नाही. एकामागून एक घोडे आणत गेलेली आणि शेवटी त्यांच्याच तबेल्यात घोडे उपाशी राहिलेली चांगली माणसं मी पाहिलीत. नाही म्हणता येणं हाही या कामाचा भाग आहे.

जवळ जाणं आणि गाडीत चढवणं

घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी कपाळासमोर आणि बरोबर मागे दिसत नाही. म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत बोलत जायचं. डोळ्यात रोखून बघायचं नाही. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही, घोडा बिथरला तर बोटं जातात, दुमडून मुठीत धरायचा.

गाडीत चढवताना मागून काठी मारणारे चार जण नकोत, शांत दोन माणसं हवीत आणि हातात अख्खा दिवस हवा. फळी हलणारी नको, फरशी घसरणारी नको, आत उजेड हवा, काळोख्या भोकात कुठलाही घोडा जात नाही. एक पाय ठेवला की दोर ढिला सोडा, तेच त्याचं बक्षीस. पाय परत मागे घेतला तरी रागवू नका. अगदी अशक्त घोडा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हलवूच नका, प्रवासभर तोल सांभाळत उभं राहण्यातच त्याची उरलीसुरली ताकद जाते, अशा वेळी दोन-चार दिवस तिथेच खायला घालून, थोडा सावरला की मग आणलेला बरा.

पहिले दहा दिवस: इथेच घोडा जगतो किंवा जातो

मी आणलेली पहिली घोडी लालसर होती, कपाळावर टिकली, वय झालेलं. संध्याकाळी आणली. तिच्या डोळ्यांवरचे खड्डे बघून मला राहवेना, मी तोबरा (तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी) भरून चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, दिली, तिने ती एका दमात संपवली आणि रिकामा तोबरा कितीतरी वेळ चाटत राहिली, मी परत भरला. दोन दिवस आम्ही सगळे खूश, घोडी खातेय. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, चौथ्या दिवशी ती थरथरायला लागली आणि बसली ती उठलीच नाही. उपासमारीने नाही गेली ती, माझ्या हातच्या चंदीने गेली, आणि तुमच्या हातून हे होऊ नये म्हणूनच हा भाग मी सगळ्यात नीट लिहितेय.

होतं काय, की बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःचीच चरबी आणि स्नायू जाळून चाललेलं असतं. त्यात अचानक धान्य गेलं की पिष्टामुळे (स्टार्चमुळे) रक्तात इन्सुलिन उसळतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. शरीरात हे क्षार आधीच संपत आलेले, त्यामुळे रक्तातलं प्रमाण एकदम कोसळतं आणि हृदय, श्वास बंद पडतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसात येतो. म्हणजे आल्या दिवशी घोडा छान वाटतो आणि मग जातो, त्यामुळे लोकांना कारणच कळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात यावर काम झालंय, त्यातून आलेली पद्धत आज बहुतेक ठिकाणी वापरतात. वाळवलेला, पानं भरपूर असलेला लसूणघास, ज्याला अल्फाल्फा किंवा ल्युसर्न पण म्हणतात, तो द्यायचा, कारण त्यात प्रथिनं, मॅग्नेशियम, फॉस्फरस चांगलं आणि पिष्ट कमी. साधारण ४५० किलोच्या घोड्याला पहिले ३ दिवस दर ४ तासांनी अर्धा किलो, म्हणजे दिवसरात्र मिळून ३ किलो. हो, रात्रीसुद्धा, अलार्म लावून उठायचं. चौथ्या दिवसापासून हळूहळू घास वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवशी दर ८ तासांनी साधारण २ किलोपर्यंत यायचं. दहाव्या दिवसानंतर, सगळं ठीक असेल तर, दिवसातून दोनदा खाईल तेवढं. चंदी, दाणे, तेल, गोड काहीही नाही, घोडा चांगला सावरेपर्यंत नाही, तो कितीही तुमच्याकडे बघून फुरफुरला तरी नाही. पाहुणे येतात आणि खिशातून काहीतरी काढून देतात, त्यांना सरळ अडवा, मी दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावलीय.

वजन कळायला काटा लागत नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (शेपटीखालच्या मांसल भागाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ११,८८० ने भागा, किलोमध्ये वजन येतं. समजा घेर १५० आणि लांबी १४०, तर २६५ किलो. मग घास पण त्याच प्रमाणात कमी. अंदाजच असतो हा, पण दर आठवड्याला त्याच माणसाने त्याच जागी टेप लावली तर वजन वर चाललंय की खाली हे पक्कं कळतं.

पाणी स्वच्छ आणि कायम समोर. फक्त अगदी कोरडा पडलेला घोडा असेल तर पहिल्या तासांमध्ये थोडं थोडं करून. साधं पांढरं मीठ चाटायला ठेवा. डॉक्टरला पहिल्याच दिवशी रक्त तपासायला सांगा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत, क्षार घसरायला लागलेत हे रक्तात आधी दिसतं, घोड्यात नंतर.

घाई इथेही नको की आठवड्यात घोडा भरला पाहिजे. आठ-दहा दिवसांत फक्त डोळ्यात जीव येतो, कान हलायला लागतात. वजन दिसायला महिना लागतो आणि पूर्ण भरायला ३ ते ५ महिने, कधी त्याहून जास्त. हिरव्या गवतावर सोडायचं तेही आधी दहा-पंधरा मिनिटं, मग वाढवत, नाहीतर पोटशूळ आणि खुरांची सूज दोन्ही येतात. कापलेल्या हिरवळीचा ढीग कधीच टाकू नका, तो आतून तापतो, आंबतो. आणि चरायच्या जागेभोवती कण्हेर असेल तर आधी ती उपटा, थोड्याशा पानांनी, वाळलेल्यासुद्धा, घोडा मरतो.

खेचर, गाढव किंवा छोटं तट्टू असेल तर अजून एक. यांनी एक-दोन दिवस खाणं टाकलं तरी अंगातली चरबी रक्तात उतरून लिव्हर निकामी होऊ शकतं, त्यामुळे "रुसलंय, खाईल उद्या" असं म्हणून सोडायचं नाही.

रोज काय बघायचं

शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप मोजला तर ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हे सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, लीद किती वेळा टाकली तेही लिहा. लीद बंद, पाय आपटतोय, वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय, म्हणजे पोटशूळ, लगेच डॉक्टर. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं वरून बाहेर येण्याचा रस्ताच नाही, म्हणून पोटाचं दुखणं त्याच्या बाबतीत कायम जिवावरचं असतं.

घोडा आडवा झाला आणि उठत नसेल तर छातीवर, पाय खाली घेऊन बसवून ठेवायचा, दोन्ही बाजूंना गवताचे भारे लावून, आणि दर दोन-चार तासांनी कूस बदलायची. दोन-तीन दिवस झाले तरी स्वतः उभा राहू शकत नसेल तर आशा फार कमी उरते, तेव्हा डॉक्टरशी मोकळेपणाने बोला.

खूर, दात, जंत

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे वर्षभर कोणी हात लावला नाही तर केवढा होत असेल बघा. चपलेसारखे पुढे वळलेले खूर बघून वाटतं आजच सगळं कापून टाकावं. नका. पायाची हाडं, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) त्या वाकड्या कोनाला सवयीची झालेली असतात, एकदम सरळ केलं तर घोडा जास्त लंगडतो. चांगला नालबंद आधी एक्स-रे मागेल, मग थोडं कापेल, मग दोन-तीन आठवड्यांनी परत थोडं. पुढे मग दर ६ ते ८ आठवड्यांनी नियमित. अशक्त घोडा तीन पायांवर फार वेळ उभा राहू शकत नाही हे नालबंदाला आधीच सांगा, एका दिवशी दोनच खूर झाले तरी चालेल. तुमचं रोजचं काम म्हणजे खूर खालून साफ करणं. मधल्या मऊ भागातून काळं, कुजका वास येणारं काही निघालं तर ती सड आहे, जागा कोरडी ठेवल्याशिवाय नुसत्या औषधाने जात नाही. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा असेल आणि खूर गरम लागत असतील तर खुराच्या आत सूज आहे, त्याला अजिबात चालवू नका, मऊ अंथरुणावर ठेवून डॉक्टर बोलवा.

धर्माची गाय आणि दात का नाय असं विचारू नये म्हणतात, पण इथे दात बघायचेच. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडेला धारदार टोकं तयार होतात, ती गाल आणि जीभ कापतात. खाताना चघळलेल्या घासाचे बोळे तोंडातून पडत असतील तर कारण हेच. पण दात घासायला बहुतेक वेळा गुंगी द्यावी लागते, म्हणून घोडा थोडा सावरू दे.

जंताचं औषध पण पहिल्या दिवशी नाही. पोटात जंत खूप असतील आणि सगळे एकदम मेले तर आतडं तुंबतं, आतून सुजतं. आधी लीद तपासून घ्या, कोणतं औषध आणि किती हे डॉक्टर ठरवेल. मॉक्सिडेक्टिन नावाचं औषध चरबीत साठतं, ज्याच्या अंगावर चरबीच नाही अशा घोड्याला ते विषासारखं लागू शकतं, एवढं लक्षात ठेवा. धनुर्वाताची लस मात्र डॉक्टर आला की पहिल्यांदा विचारा, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि अशा घोड्याच्या अंगावर जखमा असतातच.

घोडी असेल तर गाभण आहे का हेही तपासून घ्या, अकरा महिने पोटात असतं, बारीक घोडीचं दिसत नाही, आणि एका पहाटे तुमच्याकडे एकाचे दोन होतात.

विश्वास

एक राखाडी तट्टू आमच्याकडे आलं होतं. शिंगरू असताना घातलेली म्होरकी (तोंडाभोवतीचा पट्टा, ज्याला दोर लावतात) कोणी काढलीच नाही, ते वाढत गेलं आणि म्होरकी नाकाच्या हाडावर मांसात रुतली. डॉक्टरने गुंगी देऊन ती काढली, खाली बोटभर खोल चर. जखम महिन्याभरात भरली. पण तोंडाजवळ हात नेला की ते मागच्या दोन पायांवर उभं राहायचं.

मी त्याला शिकवायला म्हणून काही केलं नाही. रोज त्याच वेळेला आत जायचं, बादली पालथी घालून बसायचं, त्याच्याकडे पाठ करून. घास समोर असायचा पण तो मी हाताने द्यायचे नाही. पहिल्या आठवड्यात ते कोपऱ्यातून हललं नाही. मग एक दिवस मागून श्वास ऐकू आला, गरम. मी हलले नाही. एकोणिसाव्या दिवशी त्याने माझ्या बाहीची कड ओठात धरली आणि सोडून दिली. त्यानंतर दोन दिवसांनी मी खांद्याला हात लावला, मोजून तीन सेकंद, आणि स्वतःच काढून घेतला. हे स्वतः काढून घेणं फार महत्त्वाचं आहे, त्याने दूर व्हायच्या आधी आपण दूर व्हायचं, म्हणजे त्याला कळतं की हा हात थांबतो. खांदा, मग मान, मग गाल, मग कान, मग दोर नुसता मानेवर टाकलेला. म्होरकी घालायला साडेतीन महिने लागले. कोणी म्हणेल इतका वेळ कुठे असतो. जबरदस्ती केली असती तर एका तासात घातली असती हे खरं आहे, पण मग ती दर वेळी तशीच घालावी लागली असती, आणि असा घोडा कोण घेणार.

खोगीर, स्वारी, गाडीला जुंपणं हे सगळं वजन पूर्ण आल्यावर, पाठीच्या जखमा भरून वर केस आल्यावर. तोवर नाही.

जगवणं शक्य नसेल तेव्हा

हे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. १९३० च्या सुमारास डोरोथी ब्रूक नावाच्या ब्रिटिश बाई इजिप्तमध्ये कैरोला गेल्या, तेव्हा त्यांना पहिल्या महायुद्धात वापरून तिथेच विकून टाकलेले लष्करी घोडे दिसले, म्हातारे, राबून राबून मोडलेले. त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, हजारो घोडे त्यांनी विकत घेतले आणि १९३४ मध्ये दवाखाना उभा केला, त्यातूनच पुढे घोडे-गाढवांसाठी काम करणारी ब्रूक ही संस्था झाली. त्यातल्या बहुतेक घोड्यांना त्यांनी काही दिवस पोटभर खाणं, मऊ अंथरूण, आराम दिला आणि मग शांतपणे झोपवलं. ती पण सुटकाच होती. डॉक्टर म्हणाला की दुखणं थांबणार नाही, तर घोड्याला आपल्या समाधानासाठी ओढत नेऊ नका. त्या वेळी त्याच्याजवळ उभे राहा, तुमचा आवाज त्याला ओळखीचा असतो.

नवीन घर

आता घोडा भरला, खूर सरळ आले, हातात येतो. घर शोधायच्या आधी त्याचं खरं वर्णन लिहून काढा. वय, कुठला पाय कधी कधी लंगडतो, गाडीत चढायला किती वेळ लागतो, मुलांशी कसा, दुसऱ्या घोड्यांशी कसा, स्वारी होते की नाही. चांगलं लिहायचा मोह होतो, पण जे लपवाल ते तिसऱ्या दिवशी त्यांना कळणारच, आणि मग घोडा परत येतो किंवा परत न येता पुढे कुठेतरी विकला जातो, जे जास्त वाईट. स्वारीला न चालणाऱ्या घोड्यालाही घर मिळतं, ज्यांच्याकडे एकच घोडा आहे त्यांना सोबती हवाच असतो. नर असेल तर खच्ची करूनच द्या, आणि केल्यानंतर महिनाभर तरी घोड्यांच्या कळपात माद्यांसोबत सोडू नका. मायक्रोचिप बसवून घ्या, मानेच्या डाव्या बाजूला बसवतात, पुढे मालकीचा वाद झाला तर तीच साक्ष.

घर बघायला स्वतः जा. कुंपण काटेरी तारेचं नको. पाणी कुठे, सावली कुठे, पावसात उभं राहायला कोरडी जागा आहे का. चरायला एका घोड्यामागे एक-दीड एकर तरी असावं, नसेल तर वैरणीची पक्की सोय दाखवा म्हणायचं. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा लागतो, समोरच्याला हा आकडा माहीत आहे का हे बोलता बोलता कळतं. त्यांचे आधीचे घोडे असतील तर त्यांच्या खुरांकडे बघा, माणूस काय बोलतो त्यापेक्षा ते खूर जास्त सांगतात. आणि विचारा की तुम्ही आजारी पडलात तर कोण बघणार. घोडा २५-३० वर्षं जगतो, दहा वर्षांचा घोडा दत्तक घेणं म्हणजे पुढची १५-२० वर्षं झाली, हे स्पष्ट बोला.

एकदाच येऊन, बघून, घेऊन जातो म्हणणाऱ्याला देऊ नका. तीन-चार वेळा येऊ दे, खरारा करू दे, खूर उचलू दे, तुम्ही लांब उभे राहून बघा. घोड्याचे कान काय सांगतायत ते बघा.

करार लेखी हवा आणि त्यात चार गोष्टी नक्की हव्यात: परस्पर विकायचा किंवा कोणाला द्यायचा नाही, पैदास करायची नाही, सांभाळणं जमेनासं झालं तर तुमच्याकडेच परत, आणि तुम्ही कधीही बघायला येऊ शकता. पहिला महिना चाचणीचा ठेवा. मग एक भेट महिन्याने, एक सहा महिन्यांनी, एक वर्षाने. जाल तेव्हा लांबून फोटो काढून परत येऊ नका, बरगड्यांवरून हात फिरवा, खूर उचला, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी शेवाळ आहे का बघा.

घोडा पाठवताना त्याच्यासोबत दहा दिवसांची त्याच्या सवयीची वैरण पाठवा आणि त्यांना सांगा की रोज थोडी जुनी कमी, थोडी नवीन जास्त, असं करत आठवडा-दहा दिवसांत बदला, एकदम बदललं की पोटशूळ ठरलेला. त्याची म्होरकी आणि दोर तोच द्या, वास ओळखीचा असतो. औषधांची, खुरांची, जंतांची वही द्या.

ते राखाडी तट्टू एका म्हाताऱ्या घोडीला सोबत म्हणून गेलं. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं, तोंडाकडे हात नेऊ नका, आधी खांदा, तीन सेकंद, मग काढून घ्या. महिन्याने गेले तर त्यांची धाकटी मुलगी कुंपणाशी उभी होती, हात त्याच्या खांद्यावर, ओठ हलत होते, एक, दोन, तीन, आणि तिने हात काढून घेतला.